घरटी किती?

मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये आज पाऊल टाकलं, तर या वास्तूला कधी पैशांची चणचण भासली असेल असं वाटत नाही. भिंतीभर संगमरवरी स्मारकं, रंगीत काचा, वर उंच छत. पण या चर्चच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षं छपरावाचून उभ्या होत्या. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याने 1676 साली काम काढलं, पुढच्याच वर्षी तो सुरतेला वारला आणि पंधरा फुटांपर्यंत चढलेलं बांधकाम तिथेच थांबलं. वर्गणी तर जमली होती. मग ती गेली कुठे? अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्याने बेधडक लिहून टाकलं, की सर जॉन चाइल्डच्या हाती मुंबईचा कारभार आला आणि त्याने तो पैसा घशात घातला. चाइल्डबद्दल हॅमिल्टनला बरं बोलायची सवयच नव्हती, तेव्हा त्याचं म्हणणं जपून घ्यावं. पण भिंती तशाच राहिल्या, हे खरं.

मग रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला. 1715 मध्ये त्याने व्यासपीठावरून विषय काढला आणि वर्गणीची यादी पुन्हा सुरू केली. 1718 च्या नाताळाच्या दिवशी चर्च उघडलं. त्या दिवशीची एक गोष्ट कॉबने नोंदवून ठेवली आहे. मुंबईतला बडा व्यापारी रामा कामती आपल्या जातभाईंना घेऊन आला होता आणि उपासना संपेपर्यंत बाहेर उभा राहून सगळं पाहत होता. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार याच रामा कामतीच्या नावावर आहे, आणि तो झाला 1715 च्याच सुमाराला. देऊळ बांधून मोकळा झालेला माणूस दुसऱ्याचं नवं छप्पर बघताना भक्तीबरोबर चुन्याचा आणि सागवानाचा भावही मनात धरत असणार, असं मला उगीचच वाटतं. (पुढे दोनच वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्यावर कान्होजी आंग्ऱ्यांशी संधान बांधल्याचा खटला भरला; पण ती वेगळीच कहाणी.)

दगड आणि चुना लागतो त्याच्या आधी चर्चला आणखी एक गोष्ट लागते. दिलेला पैसा दिलेल्या कामालाच लागेल, हा भरवसा. तो एकदा गेला की भिंती चाळीस वर्षं भिजत राहतात.

*

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरच्या, एका गावात सध्या असंच एक छोटं चर्च वाढतं आहे. गावाचं नाव देत नाही, कारण मंडळीतल्या एका बाबांनी बोलायच्या आधीच अट घातली. “नाव छापलं की उद्या कुणीतरी विचारायला येतंय, पैसे कुठनं आले म्हणून. लिहा, पण नाव नको.” या अटीत बरंच काही आलं.

चर्च म्हणजे मिशनच्या काळातली एक लांबट खोली. दगडी भिंती, वर पत्रा, दाराशी लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तीच घंटा. आठवड्यातले सहा दिवस पूर्वी इथे शाळा भरायची आणि सातव्या दिवशी उपासना व्हायची. मास्तर आणि उपदेशक एकच असायचा आणि त्याचा पगार मिशन द्यायचं. नगर, श्रीरामपूर, राहुरी, शेवगाव या पट्ट्यातल्या कितीतरी मंडळ्यांची सुरुवात अशीच झाली आहे.

मागची भिंत पाडून खोली वाढवायची आणि वर स्लॅब टाकायचा बेत ठरला. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की हे हवंय कशाला? मी गेलो त्या रविवारी निम्म्या सतरंज्या गुंडाळलेल्याच होत्या. पाळकसाहेबांना तसं विचारलं. तरुण माणूस, मोटरसायकलवरून तीन गावं सांभाळतो. तो म्हणाला, “रविवारचं सोडा. नाताळाला या. चाकण, पिंपरी, भोसरी, कुर्ला, सगळीकडनं पोरं येतात. आत म्हातारी माणसं बसतात, पोरं बाहेर मांडवात उभी. उभ्या-उभ्या मोबाइल बघतात आणि जातात. दोन वर्षं असं झालं की तिसऱ्या वर्षी येत नाहीत.”

हा युक्तिवाद मला पूर्ण पटला असं नाही. वर्षातल्या एका दिवसासाठी खोली बांधायची, हे शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे. पण आपल्याकडे गावचं घर तरी कशासाठी ठेवतात? पुण्यात दोन खोल्यांत राहणारा माणूस गावाकडच्या बंद घराला रंग देतो, त्याला आपण वेडा म्हणत नाही.

*

पैसा जमवायची जुनी, खात्रीची जागा म्हणजे सुगीचा सण. शेतातलं पहिलं पीक देवाला आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. मराठी मंडळ्यांत हा दिवस नाताळाइतकाच गजबजलेला असतो, आणि खरं सांगायचं तर नाताळापेक्षा जास्त हसण्याचा असतो.

वेदीपुढे ढीग लागला होता. दाराच्या दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या बांधलेल्या. बाजरीची कणसं, गव्हाची पायली, कांद्याच्या गोणी, शेवगा, मेथी, एक भलाथोरला कोहळा, महिला मंडळाने केलेले रव्याचे लाडू, पाय बांधून ठेवलेला कोंबडा आणि बाहेर लिंबाला बांधलेलं करडू. एका मावशींनी स्टीलच्या डब्यात भुसा घालून सहा गावरान अंडी आणली होती. त्या दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातात. स्वतःचं पीक नाही, म्हणून अंडी.

लिलाव पुकारायला एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गर्दीत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय हाडात मुरलेली. “मेथीची जुडी, पन्नास! पन्नास एक वार... साठ! मागून साठ. अहो, मेथी कसली, सोनं आहे. साठ एक वार, साठ दोन वार...” जुडी दोनशेला गेली. घेणाऱ्याने ती हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. “पुन्हा मांडा.” पुन्हा मांडली. दुसऱ्याने दीडशेला घेतली, पुन्हा मांडली. एक लिंबू असंच पाच हातांतून फिरलं आणि शेवटी पाळकसाहेबांच्या बायकोच्या सरबतात गेलं.

मावशींची अंडी निघाली तेव्हा बोली लावली त्यांच्याच जावयाने. तो चाकणला कंपनीत आहे. शंभर, दोनशे, पाचशेपर्यंत गेला, कारण पलीकडून त्याचा मेहुणा चढवत होता. शेवटी अंडी त्यालाच मिळाली. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि भर मंडळीत म्हणाल्या, “अंडीच खायची होती, तर घरी यायचं होतंस की! भाड्यापुरते तरी वाचले असते.” पत्रा हलेल इतकं हसू उसळलं. जावई लाजला, पण अंडी काही परत केली नाहीत.

या लिलावात दान किती आणि दिमाख किती, हे वेगळं काढता येत नाही. काढायची गरजही नाही. पण ज्याच्या खिशात काही नसतं तो त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून बसतो आणि टाळ्या वाजवतो, हेही मी पाहिलं. पाळकसाहेबांनाही ते दिसलं होतं. नंतर चहा घेताना ते म्हणाले, “बांधकाम लिलावावर झालं, तर ते बोली लावणाऱ्यांचं होईल.”

*

त्यावर कमिटीची बैठक झाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा प्रसंग तोच.

गावात सप्ताह बसतो, यात्रा भरते, मारुतीचं देऊळ रंगवतात. प्रत्येक वेळी वर्गणी घरटी ठरते. ख्रिस्ती झाली म्हणून माणसं गावाबाहेरून आलेली नाहीत. पैसा गोळा करायची रीत तीच. निवृत्त मुख्याध्यापकांनी सरळ हिशेब मांडला. ठेकेदाराचा आकडा इतका, घरं इतकी, भागिले करा. “घरटी दहा हजार. हप्ते पाडून घ्या. नोकरदारांनी दुप्पट.”

महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, “आणि जिचा नवरा गेला, पोरगं दहावीला आहे, तिच्या घराचं?”

“तिला सोडून देऊ.”

“सोडून दिलं तर ती उद्या स्लॅबखाली कशी बसंल? सगळ्यांनी दिलं, हिनं नाही, असंच म्हणतील ना?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी माफीची यादी करायची सूचना मांडली. त्यावर बाईंनी हात जोडले. गरिबांची यादी करून ती चर्चच्या वहीत लिहायची, यापेक्षा पत्राच बरा, असं त्यांचं म्हणणं होतं. शुभवर्तमानात मंदिराच्या दानपेटीपाशी दोन क्षुल्लक नाणी टाकणारी विधवा आहे. या विषयावरचं कुठलंही प्रवचन तिच्याशिवाय पुरं होत नाही. पण तिच्याकडे कुणी घरटी मागायला गेलं नव्हतं, ही बाब त्या प्रवचनांत सहसा येत नाही. त्या रात्री ती आली.

तोडगा निघाला तो चिठ्ठीचा. प्रत्येक घराने कागदावर आकडा लिहायचा, वर्षभरात किती देणार तेवढाच. नाव खजिनदारालाच कळेल. मंडळीत वाचायची ती फक्त बेरीज. काही मंडळ्यांत अशी वचनाची पाकिटं आधीपासून आहेत. आकडा लिहायच्या आधी घरात प्रार्थना करावी, नवराबायकोने एकमेकांशी बोलावं, एवढीच सूचना.

बेरीज वाचली तेव्हा ती घरटी हिशेबापेक्षा जास्त भरली. लोक खूश झाले. पण वचन आणि वसुली यांच्यामध्ये कांदा असतो. त्या हंगामात भाव पडला, गोण्या रानातच सडल्या, आणि चिठ्ठीवरचे कितीतरी आकडे चिठ्ठीवरच राहिले. पावसाळ्याच्या आधी पडायचा स्लॅब पावसाळ्यानंतरवर गेला. मुख्याध्यापक म्हणाले, मी सांगत होतो. ते चुकीचं बोलत होते असं म्हणता येणार नाही.

*

आपलं चर्च आपण बांधायचं, ही कल्पना नगरला नवी नाही. तिला पावणेदोनशे वर्षं होत आली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं पडलं 1831 मध्ये, पहिली मंडळी स्थापन झाली 1833 मध्ये. 1854 च्या अखेरीस बोस्टनहून मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्प्सन पाहणीला आले. अँडरसन यांचं म्हणणं थोडक्यात असं: इथल्या मंडळ्यांनी आपला खर्च आपण करावा, आपला कारभार आपण करावा, आपला प्रसार आपण करावा. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही त्याच काळात तेच सांगत होते. 1854 मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. एतद्देशीय पाळक आला म्हणजे पगारही एतद्देशीयांनीच द्यायचा, असा त्यामागचा हिशेब.

कागदावर हे स्वच्छ होतं. खेड्यांत काय होतं? पुढच्या दशकांत जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुतेक महार आणि मांग. हातात रोख पैसा नाही, जमीन असली तर तुटपुंजी, पोट बलुत्यावर. धर्म बदलल्यावर काही ठिकाणी बलुत्यावरही गदा आली. 1876 ते 1878 चा दुष्काळ, मग 1896-97 चा, लगेच 1899-1900 चा. अशा माणसांना स्वावलंबनाचा उपदेश करणं सोपं होतं, पण तो करणाऱ्यांच्याच नावावर चर्चची जागा होती, शाळा होती, बंगला होता. इमारतीचा कागद ज्याच्या पेटीत, त्या इमारतीचा पत्रा गळला तर तोच बघेल, असं गरिबाला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. ‘मिशनचं आहे’ हे दोन शब्द मी त्या गावात आजही ऐकले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, जुन्या मंडळ्या तिच्यात विलीन झाल्या, मिशनरी परत गेले. तरी हे दोन शब्द काही गेले नाहीत.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना ही गाठ आतून माहीत होती. मिशनच्या पगारावर दोन दशकं काढल्यावर 1917 मध्ये त्यांनी तो सोडला आणि साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोन वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. ‘दरबारा’चं पुढे काय झालं यापेक्षा मला तो पगार सोडण्याचा क्षण महत्त्वाचा वाटतो, संसार पत्नी लक्ष्मीबाई चालवत होत्या, हे ध्यानात ठेवून.

*

पण श्रद्धेच्या बळावर इमारत उभी करण्याची सगळ्यात धाडसी मराठी गोष्ट पुणे–दौंड लोहमार्गावर आहे. केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

1887 मध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन निघाली आणि तिने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली. त्या जोरावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. रमाबाई हिशेबाला कच्च्या नव्हत्या. दहा वर्षं संपणार हे ओळखून त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल, असा बेत. बेत शेतकऱ्याचा होता, आणि शेतकऱ्याच्या बेतांचं होतं तेच झालं. झाडं फळायच्या आधी दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे नियम कडक, म्हणून मुलींना केडगावच्या मोकळ्या रानात ठेवावं लागलं. पुढच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि संख्या हजाराच्या पुढे गेली. 1898 मध्ये अमेरिकेची हमी संपली. आणि 1899 मध्ये त्याच रानात चर्चचा पाया घातला गेला. क्रूसाच्या आकाराची, दगडी, अवाढव्य वास्तू. शिल्लक बघून पाया घालणाऱ्याने असा पाया घातला नसता.

हे धैर्य आलं कुठून? रमाबाईंनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. चीनमधल्या हडसन टेलरचंही. म्युलरने ॲश्ली डाउनच्या टेकडीवर अनाथांसाठी पाच मोठी घरं बांधली, पहिलं 1849 मध्ये उघडलं, आणि त्याचा दंडक असा होता, की माणसापुढे हात पसरायचा नाही, गरज फक्त देवाला सांगायची. इंग्लंडात हे होऊ शकतं तर हिंदुस्थानात का नाही, असा प्रश्न रमाबाईंना पडला, आणि मग दुसऱ्या कुणी करायची वाट कशाला पाहायची, असाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संस्था आजही केडगावला चालू आहे.

पण इथे थोडं थांबून बघावं लागतं. म्युलर हात पसरत नसे हे खरं. मात्र दर वर्षी तो अहवाल छापत असे. कोणत्या दिवशी किती आले, कशावर खर्च झाले, सकाळी दूध आणायला पैसे नव्हते आणि ते कसे आले, सगळं. देणाऱ्याचं नाव नाही, पण रक्कम आहे, आणि प्रत्येक देणगीला पावती. केडगावहूनही ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे इंग्रजी पत्र निघे आणि ते समुद्रापलीकडे जाई. न मागण्याचा हा बाणा लबाडीचा होता, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पै-पैचा हिशेब छापणारा माणूस न मागताही विश्वास मिळवतो, एवढंच. भाविक मंडळी म्युलरच्या गोष्टीतली प्रार्थना उचलतात आणि पावतीपुस्तक तिथेच ठेवतात.

*

नगरकडच्या त्या गावातल्या मंडळीच्या हाती बोस्टन नाही आणि ब्रिस्टलही नाही. कायद्यानेही ती दारं आता अरुंद केली आहेत. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 मध्ये बदल झाले. तेव्हापासून असा पैसा घ्यायचा तर खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं, आणि एका संस्थेला आलेला परदेशी पैसा तिने दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही. म्हणजे नगरच्या मोठ्या संस्थेला मिळाले आणि तिने खेड्यातल्या वेगळ्या नोंदणीच्या मंडळीला थोडे सरकवले, ही वाट बंद. देशातल्या दात्याला आयकराची सवलत दाखवावी, तर त्या सवलतीत निव्वळ धार्मिक कामाच्या संस्था बसत नाहीत. सरकारने अधिसूचित केलेल्या मोजक्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीचा अपवाद आहे, पण लिंबाला रूळ टांगलेलं चर्च त्यात कुठून येणार? आणि कर्ज? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना ट्रस्टसाठी कर्ज काढता येत नाही. शिवाय चर्च तारण ठेवून घ्यायला कुठली बँक तयार होईल? हप्ता थकला तर ती लिलाव कशाचा करणार?

तेव्हा उरतं ते गाव आणि गावातून गेलेली माणसं.

महिला मंडळाने मुठीची रीत सुरू केली आहे. स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबा आणायचा. पाळकसाहेबांनी ही कल्पना मिझोरामवरून घेतली. तिथल्या बायका 1910 पासून ‘बुहफाई थाम’ म्हणून असा मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत, आणि त्यावर तिथल्या चर्चची कामं उभी राहिली. पण त्यासाठी मिझोरामपर्यंत जायची गरज नव्हती, असं मी त्यांना म्हटलं. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहं मूठभर धान्यावर चालली. पणजीतल्या एका जुन्या शाळेचं नावच मुष्टिफंड आहे. तळेगावचा काचकारखाना 1908 मध्ये अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसाफंडातून निघाला, माणशी एक पैसा. पाळकसाहेब हसले. म्हणाले, “बायबल कॉलेजात हे शिकवलं नाही.”

मुठीने स्लॅब होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. महिन्याच्या डब्यांतून जमलेलं बाजरी-ज्वारीचं पोतं विकून चार-सहा सळयांचे पैसे सुटतात. पण अंडी आणणाऱ्या मावशींचा डबा या यादीत पहिल्यापासून आहे, आणि तो कुणाच्या बोलीवर अवलंबून नाही.

बाहेरच्यांनीही हात लावला. सिमेंट-सळईच्या दुकानदाराने उधारी दिली. तो जैन. सरपंचांनी आपल्या ट्रॅक्टरने मुरूम टाकून दिला आणि डिझेलचे पैसे घेतले नाहीत. यात नवल वाटायचं कारण नाही. कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 मध्ये उघडलं तेव्हा त्यावर मनोरा नव्हता. कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनी 7,500 रुपये दिले आणि 1865 मध्ये मनोरा पुरा झाला. आता सरपंचांच्या मनात पुढची निवडणूक असेल, असं एक जण मला कानात सांगून गेला. असेलही. मुरूम मात्र पायात पडला.

*

खजिनदार टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची वही मी पाहिली. लाल पुठ्ठ्याची, लांबट, किराणा दुकानात मिळते ती. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. लिलाव, चिठ्ठ्या, मूठ, नाताळची अर्पणं, प्रत्येकाला वेगळं पान. बिगाऱ्यांच्या चहाची नोंददेखील तारखेसह. चर्चचे पैसे आणि पाळकाचा पगार एका खात्यात कधी मिसळायचे नाहीत, हा त्यांचा नेम. आधीच्या कुठल्याशा कमिटीत तसं झालं होतं आणि त्याची भांडणं अजून पुरती मिटलेली नाहीत. दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर ते उभे राहतात आणि वही वाचतात. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. लहान मुलं कंटाळून बाहेर पळतात, पण म्हातारी माणसं प्रवचनापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

चिठ्ठ्यांची थकलेली वसुली या वाचनामुळेच पुढे सरकली, असं खुद्द मुख्याध्यापकांनी कबूल केलं. कुणाचं नाव पुकारलं नाही, कुणाच्या दारात गेलं नाही. पण सिमेंटची गोणी कितीला आली आणि खडी किती ब्रास लागली हे कानावर पडल्यावर भोसरीतल्या एकाने फोन करून विचारलं, आता नेमकं काय अडलंय? सेंट्रिंगचे पैसे अडले होते. त्याने ते सेंट्रिंगवाल्याला परस्पर दिले आणि पावती व्हॉट्सॲपवर मागवली.

स्लॅब पडला तो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. पहाटे मिक्सर आला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ती मिक्सर सुरू झाल्यामुळे निम्मीच ऐकू आली. तरुण संघाची पोरं घमेली सरकवायला उभी राहिली, महिला मंडळाने बुंदी केली होती, कारण स्लॅबच्या दिवशी कामगारांना गोड घालायचंच असतं. अंधार पडायच्या आत काम उरकलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायची पाळी घराघरांत वाटून दिली. हे एकच काम अखेर घरटी झालं.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्या तिमाहीची वही वाचली जात होती. जमा, खर्च, दुकानाची उधारी बाकी, ठेकेदाराची बाकी. मग खजिनदार वाचून गेले, “नारळ एक, तीस रुपये.” मागून एकजण उठला. “नारळ कशाला? चर्चच्या पैशांतून नारळ?”

गवंड्याने नारळ फोडल्याशिवाय मिक्सर सुरू करणार नाही म्हणून सांगितलं होतं. कमिटीत दोन मतं. एकाचं म्हणणं, त्याचा देव त्याच्यापाशी, आपल्याला काय. दुसऱ्याचं, आज नारळ, उद्या पूजा. सकाळी सहा वाजता, मिक्सरचं भाडं तासावर चालू असताना हा वाद होऊ घातला होता, म्हणून खजिनदारांनी खिशातून तीस रुपये काढून पोराला दुकानात पाठवलं. “पैसे माझे आहेत,” ते आता चष्मा वर करून म्हणाले, “जमेला माझ्या नावावर तीस, खर्चाला नारळ तीस. दोन्ही पानं बघून घ्या. पण झालेला खर्च मी वहीतून गाळणार नाही.”

तो माणूस पुढे गेला, दोन्ही पानं बघितली आणि खाली बसला. पुढचा विषय फरशीचा होता. कोटा घ्यायचा की टाइल्स, यावरून निम्मी मंडळी उठून बोलायला लागली. कोटा टिकतो, टाइल्स उजळ दिसतात, आणि दोन्हींसाठी पैसे नाहीत. जेवणं थंड व्हायला लागली म्हणून ठराव सुगीच्या सणानंतरवर टाकला.